एक्स्चेंजवर जर्मनीला जातेयस ना, मग इंग्लिश घरीच ठेवून जा

प्रश्न नाशिकच्या एका मुलीचा आहे. दहावी झालीये, ऑगस्टच्या शेवटी दहा महिन्यांसाठी जर्मनीत होस्ट फॅमिलीकडे राहून तिथल्या शाळेत जाणारे. ती म्हणते, "ताई, जर्मनची ए-वन म्हणजे पहिली लेव्हल झालीये, पण समोर कोणी बोललं की डोकं ब्लँक होतं. शाळेत सगळे फास्ट बोलणार, मला काही कळलंच नाही तर मैत्रिणी कशा होणार? सुरुवातीला इंग्लिशवर भागेल ना?"

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते. भागेल, अगदी मस्त भागेल, आणि हाच तुझा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम होणारे. जर्मन मुलं पाचवी-सहावीच्या आधीपासून इंग्लिश शिकतात, तू दोन वाक्यांत अडखळलीस की ती आपणहून इंग्लिशवर येतात, कधी मदत म्हणून, कधी स्वतःची प्रॅक्टिस म्हणून. मग तुला हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणं नाताळपर्यंत चालतं, तोपर्यंत तू वर्गातली "इंग्लिश बोलणारी पाहुणी" झालेली असतेस. पाहुण्यांशी लोक छान वागतात गं, पण पाहुण्यांना कोणी शनिवारी रात्री फोन करून "चल येतेस का" असं विचारत नाही.

मी स्वतः १९९८-९९ मध्ये गेले होते, ऑल्डनबुर्गजवळच्या एका छोट्या गावात, उत्तरेला, सगळं सपाट, गाई, वारा आणि पाऊस. तेव्हा युरोच्या नोटा नव्हत्या, मार्क होते, व्हॉट्सॲप तर सोडच, घरी पंधरा दिवसांतून एकदा फोन आणि तोही घड्याळाकडे बघत. आता गेली अठरा वर्षं पुण्यात जर्मन शिकवते आणि दरवर्षी जाणाऱ्या काही मुलांची तयारी करून घेते, तेव्हा जे सांगते ते स्वतः धडपडून आणि दुसऱ्यांची धडपड बघून.

पहिली गोष्ट, जर्मन शिकताना इंग्लिशचा जिना वापरू नकोस, मराठीचा वापर. क्लासमध्ये बहुतेक ठिकाणी पुस्तकातलं जर्मन आणि त्याचा इंग्लिश अर्थ असंच चालतं, त्यामुळे मुलं डोक्यात आधी मराठी मग इंग्लिश मग जर्मन असा वळसा घालतात आणि त्या वळशातच ब्लँक होतात. आणि खरं सांगू, हा वळसा उलटा फसवतो. माझीच गोष्ट. पहिल्या आठवड्यात जेवण झाल्यावर होस्ट आजीने अजून बटाटे घे म्हणून विचारलं, मी इंग्लिशवरून उचलून म्हणाले, "इश बिन फोल". मला म्हणायचं होतं पोट भरलं, आणि तिकडे त्याचा अर्थ होतो "मी टाइट आहे", म्हणजे प्यायलेली. आजी हसून हसून रडली. पोट भरलं म्हणजे "इश बिन झाट". थंडी वाजते हेही इंग्लिशसारखं "इश बिन काल्ट" म्हणून सांगतात मुलं, तर त्याचा अर्थ मी थंड स्वभावाची आहे असा काहीतरी होतो, बरोबर वाक्य आहे "मिअर इस्ट काल्ट". आता हे मराठीत बघ, आपण "मी थंड आहे" म्हणतो का? "मला" थंडी वाजते. मिअर म्हणजे मला. "मला आवडतं" तसंच, "एस गेफेल्ट मिअर", मला. "मला वाईट वाटतं", "एस टूट मिअर लाइट", परत मला. ज्या गोष्टीसाठी क्लासमध्ये डेटिव्ह डेटिव्ह (म्हणजे आपली चतुर्थी) करून घाबरवतात ती तू दीड वर्षाची असल्यापासून बोलतेयस.

अजून आहे. नामाआधी लागणारं देर-दी-दास बघून सगळे रडतात, इंग्लिश मीडियमची मुलं जास्त रडतात, पण तो-ती-ते आपल्याकडे आहेच की. तो चमचा, ती सुरी, ते ताट, का असं कोणी विचारलं तर आपल्याकडे उत्तर नाही, तसंच त्यांच्याकडेही नाही, देर ल्योफल (चमचा), दी गाबल (काटा), दास मेसर (सुरी), एका टेबलावर तिन्ही लिंगं. शब्दाची लिंगं जुळतीलच असं नाही, पण "प्रत्येक वस्तूला लिंग असतं" हे मान्य करायला आपल्याला काही त्रास पडत नाही. आणि "मुलगी" हा शब्द नपुंसकलिंगी कसा, दास मेडशन, यावर जगभरचे विद्यार्थी जोक करतात. अगं, शेवटी "शन" लागून शब्द छोटा, लाडाचा झाला की तो नपुंसक, ब्र्योटशन म्हणजे छोटा पाव, तोही दास. आता वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू, पिल्लू म्हण बरं. ते वासरू, ते कोकरू, ते लेकरू. झालं की नाही?

आकड्यांचं पण तसंच. तेवीसला ते म्हणतात द्राय-उंट-त्स्वानत्सिश, तीन आणि वीस, आधी एकक मग दशक, अगदी आपल्या तेवीससारखं. (२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात तेवीसच्या जागी "वीस तीन" आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय का, तेव्हा माझ्या क्लासमधली मुलं म्हणत होती मॅम आता जर्मन अवघड जाणार.) पण वेळेच्या बाबतीत सांभाळ. "हाल्प झीबन" ऐकून मला वाटलं झीबन म्हणजे सात आणि अर्धा म्हणजे साडेसात. ते असतं साडेसहा, सातकडे जाताना अर्धं. मी हँडबॉलच्या प्रॅक्टिसला एक तास उशिरा पोचले. नंतर कॉलेजात कळलं की आपला अडीच पण असाच झालाय, संस्कृतमधल्या अर्धतृतीयवरून, म्हणजे तिसरा अर्धा, म्हणजे "हाल्प द्राय" आणि अडीच एकाच डोक्यातून निघाल्यासारखे. तेव्हापासून विसरले नाही.

उच्चारात फुकट मिळालेली गोष्ट म्हणजे त्यांचा झेड. त्साइट, त्सेन, त्सुकर. हा आपला "चमचा"मधला, "चांगला"मधला च. "चहा"मधला नाही. हिंदी भाषिक मुलं इथे अडतात, तू अडणार नाहीस. ऊ-उमलाउटसाठी, म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेल्या यूसाठी, ओठ "ऊ"सारखे गोल कर आणि आतून "ई" म्हण, ओ-उमलाउटसाठी ओठ गोल आणि आतून "ए". आरशासमोर कर, माकडासारखं दिसतं, बाथरूममध्येच कर.

आणि मला सगळ्यात आवडती गोष्ट. बोलताना ते मध्येमध्ये दोख, माल, या, हाल्ट असे बारीक शब्द टाकतात, पुस्तकात ते फार उशिरा येतात आणि इंग्लिशमध्ये सांगता सांगता शिक्षकाच्या नाकी नऊ येतात. मराठीत एका सेकंदात कळतात. "कोम दोख माल" म्हणजे "ये की जरा". "दास इस्ट या श्योन" म्हणजे "छानच आहे की". "इस्ट हाल्ट झो" म्हणजे "आता आहे हे असं आहे". हे तीन तोंडात बसव, व्याकरण चुकलं तरी लोक म्हणतील अरे ही तर आपल्यासारखी बोलते.

मराठीचा जिना सगळीकडे पोचत नाही हेही सांगते, नाहीतर नंतर मला शिव्या देशील. साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी लागतं, तिथे आपली सवय आडवी येते. "कारण"ने सुरू होणाऱ्या पोटवाक्यात मात्र क्रियापद शेवटी जातं, "वाइल इश काइनं त्साइट हाबं", कारण मला वेळ "नाहीये", तिथे परत आपलंच राज्य. आणि विभक्तीप्रमाणे देरचं देम-देन होणं पाठ करण्याला पर्याय नाही. वहीत शब्द लिहिताना आर्टिकलसकट लिही आणि समोर मराठी अर्थ लिही, इंग्लिशचा कॉलमच ठेवू नकोस.

आता भाषा येते कुठे ते सांगते. शाळेत येत नाही, निदान पहिले तीन महिने तरी नाही. शाळेत तू सहा तास बसशील आणि घरी येऊन डोकं धरून झोपशील, रोज, कारण मेंदू दिवसभर ऐकून थकतो. माझी भाषा सुरू झाली होस्ट आजीच्या किचनमध्ये. ती बटाटे सोलायची, मी शेजारी बसून सोलायचे, ती एकच वाक्य चार वेळा म्हणायची, मी चुकीचं आर्टिकल लावलं की सुरी वर करून बरोबर आर्टिकल म्हणायची आणि पुढे बोलत राहायची. तिला इंग्लिश येत नव्हतं, हे माझं नशीब. म्हणून मी मुलांना सांगते की घरात ज्याला इंग्लिश सगळ्यात कमी येतं त्याला पकडा. आजी, आजोबा, नाहीतर लहान भावंडं. पाच वर्षांच्या मुलासारखा शिक्षक नाही, तो दया दाखवत नाही, "तू असं वेड्यासारखं का बोलतेस" म्हणून तोंडावर विचारतो आणि मग स्वतः शिकवतो.

पहिल्याच दिवशी होस्ट फॅमिलीला सांग, माझ्याशी जर्मनच बोला, हळू बोला, मी चुकले तर सांगा. हे वाक्य इथूनच पाठ करून जा. वर्गात कोणी इंग्लिशवर आलं तर तू जर्मनमध्येच उत्तर दे, मोडकंतोडकं, तीन-चार वेळा असं झालं की तेही बदलतात. मुद्दा समजला नाही तर मान हलवून हसू नकोस, आपल्याकडच्या मुली हे फार करतात, मीही केलं, आणि एकदा अशीच मान हलवून रविवारी सकाळी सहाला उठून सायकलने तीस किलोमीटर जायला होकार देऊन बसले.

अजून एक सापळा म्हणजे बाकीचे एक्स्चेंज स्टुडंट. ओरिएंटेशन कॅम्पमध्ये ब्राझील, मेक्सिको, अमेरिकेची मुलं भेटतात, सगळी तुझ्यासारखीच एकटी, लगेच घट्ट मैत्री होते, आणि बोलायची भाषा अर्थात इंग्लिश. त्यांना टाळ असं म्हणत नाही, ती पुढे आयुष्यभर राहतात, माझ्या दोन अजून आहेत. पण दर वीकेंडला ट्रेन पकडून त्यांच्याकडे पळालीस तर गावात तुला कोण ओळखणार?

मैत्रिणींचं म्हणशील तर तिकडच्या वर्गातली मुलं पाचवीपासून एकत्र असतात, ग्रुप पक्के झालेले असतात, तू आलीस म्हणून कोणी उठून जागा करून देत नाही. वाईट म्हणून नाही, त्यांना वाटतं हिला हवं असेल तर विचारेल. आपण वाट बघतो बोलावण्याची, ते वाट बघतात विचारण्याची, आणि दोन्हीकडून महिना जातो. तेव्हा विचार, "मी येऊ का तुमच्याबरोबर?" आणि शाळेवर अवलंबून राहू नकोस, तिकडे खेळ, गाणं, बँड हे बहुतेक शाळेबाहेर फेराइनमध्ये चालतं, म्हणजे गावातली मंडळं समज, आपल्या गणेश मंडळासारखी पण वर्षभर चालणारी आणि प्रत्येकाची फी, मीटिंग, खजिनदार असलेली. हँडबॉल, जिम्नॅस्टिक्स, कॉयर, ज्युनियर फायर ब्रिगेडसुद्धा असते. पहिल्या दोन आठवड्यांत एक फेराइन पकड, खेळ येत नसला तरी. हँडबॉलमध्ये मी अत्यंत भिकार होते, पण "पास दे", "मागे बघ", "मूर्ख" हे शब्द मी तिथे शिकले आणि मॅच हरल्यावर सगळ्यांबरोबर बसमध्ये गप्प बसायलाही तिथेच शिकले.

काही बारीक गोष्टी, ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या. जेवताना "नको, थँक यू" म्हणालीस की विषय संपला. आपल्याकडे पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं आणि यजमानाने तिसऱ्यांदा वाढायचं, तिकडे आग्रह हा प्रकारच नाही, "नाइन डांकं" म्हटलं की भांडं पुढे सरकलं. मी पहिला आठवडा अर्धपोटी होते, लाजेने. भूक असेल तर पहिल्यांदाच "या, गेर्नं" (हो, आवडेल) म्हण. याचा फायदा असा की जे खरंच नको असेल तेही एका "नाइन"मध्ये सुटतं, कोणी पाठी लागत नाही. बीअर आणि वाइन तिकडे सोळाव्या वर्षी कायद्याने चालते, पण तुझ्या प्रोग्रॅमच्या नियमात बहुतेक नसेल, एक्स्चेंजला पाठवणारे रोटरी क्लबवाले तर चार डी सांगतात, ड्रिंकिंग, ड्रायव्हिंग, ड्रग्ज, डेटिंग, आणि नियम मोडला तर सरळ परत पाठवतात. तिथेही साधं नाइन पुरतं.

व्हेजिटेरियन असशील तर आधीच लिहून कळव आणि त्यात मासे, चिकन, मांसाचं सूप आणि जिलेटीन नको असं एकेक स्पष्ट लिही, नुसतं व्हेज म्हटलं तर कोणी सूपचा किंवा गोळ्यांमधल्या जिलेटीनचा विचार करेलच असं नाही. आमच्या भागात हिवाळ्यात ग्र्युनकोल म्हणून हिरव्या केलची भाजी असते, लोक छोटी हातगाडी ओढत थंडीत चालत जातात, वाटेत खेळतात आणि शेवटी ती भाजी खातात. मी म्हटलं भाजी आहे, खाते, तर त्यात चरबी आणि वर सॉसेज. रात्रीचं जेवण बऱ्याच घरांत थंडच असतं, ब्रेड, चीज, काकडी. पहिल्या महिन्यात गरम वरणभाताच्या आठवणीने डोळ्यात पाणी येईल, येऊ दे.

हाक मारण्याचं पण बघ. होस्ट आई म्हणाली मला नावानेच हाक मार, आणि माझ्या तोंडून ते निघेना. आईला "ए आई" म्हणून अरेतुरे करणं आपल्याला सवयीचं आहे, पण नावाने? दोन आठवडे मी तिला हाकच मारली नाही, काही हवं असलं की समोर जाऊन उभी राहायचे. असं करू नकोस, विचित्र दिसतं. घरात आणि मुलांशी "दू", म्हणजे तू. शिक्षक, दुकानदार, शेजारी, सगळ्या परक्या मोठ्यांशी "झी", आपलं तुम्ही, समोरचा स्वतः "दू म्हण" म्हणेपर्यंत. शिक्षकांना सर-मॅम नाही, फ्राउ किंवा हेर आणि आडनाव. आणि वर्गात बोलावं लागतं, मार्कांमध्ये तोंडी सहभागाचा वाटा मोठा असतो, बोट वर करून. आठवड्यातून एक वाक्य ठरवून जा आणि ते बोलून ये, शिक्षकांना कळतं. हो, ग्रेडमध्ये १ सगळ्यात चांगला आणि ६ सगळ्यात वाईट, पहिला ५ मिळाल्यावर घरी फोन करून आनंद व्यक्त करू नकोस, आमच्या एकाने केला होता.

पुण्याचं मराठी शिकून कोणी मालवणात उतरला तर त्याचं जे होईल ते तुझं दक्षिणेकडच्या बव्हेरियात किंवा श्वाबियात होऊ शकतं. घाबरू नकोस, तुझ्याशी ते जरा पुस्तकी बोलतात, आपापसात गावचं. तूही दोन-तीन गावचे शब्द उचल. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ एकच "मॉइन", तेवढं म्हटलं की बेकरीवाली खूश.

डिसेंबर अवघड जातो, हे आधीच सांगून ठेवते. दुपारी चार-सव्वाचारला अंधार, घरी सगळे नाताळात, तुला भाषा अर्धी येते, म्हणजे विनोद कळतो पण उत्तर सुचेपर्यंत विषय बदललेला असतो. माझ्या पाहण्यात बहुतेकांचा तळ हाच असतो आणि फेब्रुवारीत कधीतरी आपोआप सुटतं. याच काळात फॅमिलीशी पटत नाही असंही वाटतं, आणि कधी खरंच पटत नाही. मी स्वतः नोव्हेंबरमध्ये घर बदललं, पहिली माणसं चांगली होती, पण त्यांना गप्प मुलगी सहन होईना आणि मला त्यांची घाई. (आजी दुसऱ्या घरी नव्हती, मी तिला भेटायला सायकलने जायचे.) घर बदलणं म्हणजे नापास होणं नाही, तुझ्या लोकल को-ऑर्डिनेटरशी लवकर बोल. कोणी रंगावरून, देशावरून काही बोललं, तर तेही त्यांना सांग, "माझा गैरसमज झाला असेल" म्हणून गिळू नकोस.

आता हा भाग आईला वाचायला दे. ताई, रोजचा व्हिडिओ कॉल नको. मला कळतं, पोटची पोर एवढ्या लांब, पण ती रोज रात्री दीड तास तुमच्याशी बोलली तर तो दीड तास खालच्या खोलीत होस्ट फॅमिलीबरोबर टीव्हीसमोर गेला नाही, आणि भाषा तिथे होती. रविवारी एकदा, अर्धा तास. मधल्या दिवशी ती रडून फोन करेल, ऐकून घ्या, लगेच होस्ट आईला मेसेज करू नका, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी ती विसरलेली असते आणि तुम्ही मात्र रात्रभर जाग्या.

बॅगेत ए-वनचं पुस्तक नको, वजन होतं. त्याऐवजी पोहे, हळद, मोहरी, हिंग (डबल पॅक करून, नाहीतर सगळे स्वेटर हिंगाचे) ने. पेढे आणि तूप मात्र नको, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत, एअरपोर्टवर फेकावे लागतील. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होस्ट आईला विचारून पोहे कर, आणि करताना प्रत्येक गोष्टीचं नाव त्यांना विचार, कांदा, कढई, फोडणी. फोडणीला शब्द मिळणार नाही, तो तुला समजावून सांगावा लागेल, जर्मनमध्ये, हातवारे करून, तेल तडतडत असताना. तेव्हा डोकं ब्लँक व्हायला वेळच नसतो.

आणि हो, तुझा वाढदिवस कधी असतो? तिकडे असताना येत असेल तर लक्षात ठेव, केक वर्गात तुलाच न्यायचाय, आपण चॉकलेट वाटायचो तसं, आणि कोणाला आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नकोस, अपशकुन मानतात.